सुलक्षणा विसरली नव्हती

सुलक्षणा धुरीची जीभ आधी जड झाली, हात मागाहून. लोकांनी नावं ठेवली ती मात्र तिच्या डोक्याला.

ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट. भांडुपच्या तिच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, आणि सुलक्षणा बोलणार म्हटलं की मागच्या बाकांवरची टवाळ मुलंसुद्धा गप्प बसत. भाषण तिचं तिनेच लिहिलं होतं. पाठ करायचे कष्ट तिला कधी पडत नसत, दोनदा मोठ्याने वाचलं की झालं. त्या दिवशी सुरुवात बरी झाली, आणि मग एकाएकी जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी झाली. पुढचं वाक्य तिला समोर दिसत होतं. त्याच्या पुढचंही दिसत होतं. पण तोंडातून निघाला तो नुसता घोगरा, ओला आवाज. कडेला उभ्या असलेल्या बाईंनी तिला हळूच शब्द सुचवला, तसं पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "विसरली."

तो शब्द तिच्यामागे लागला तो लागलाच. हातातून पेला सुटला की घरचे म्हणत, लक्ष कुठे असतं हिचं. वहीत निम्माच गृहपाठ असला की शाळेत म्हणत, हिला हल्ली काही आठवत नाही. वास्तविक तिचा हात थरथरायला लागला होता. चार ओळी लिहिल्या की बोटं आखडत, अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं होई आणि मग ती पेन खाली ठेवी. पण हे सगळं जड जिभेने कुणाला समजावून सांगायचं म्हणजे जिवावर यायचं. त्यापेक्षा "विसरले" म्हणणं सोपं होतं. एवढा एक शब्द तोंडातून नीट निघत असे. कुणी काही विचारायच्या आतच ती तो म्हणून मोकळी होई, आणि सतत म्हणता म्हणता तिला स्वतःलाच तो खरा वाटायला लागला.

तिचे वडील दशरथ धुरी मूळचे कणकवलीकडचे. परळच्या गिरणीत साचे चालवत होते. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही, तेव्हापासून मुलुंडच्या एका कारखान्यात रखवालदार होते. अबोल माणूस. आई वनमाला त्यांच्या वाटणीचंही बोलायची. मुलीचं बोलणं बिघडलं तसं ती मुलीच्या वाटणीचंही बोलायला लागली. पाहुण्याने सुलक्षणाला विचारावं, कितवीत गं तू, आणि उत्तर आईने द्यावं. त्यात आईची माया होती, पोरीची कुचंबणा बघवत नव्हती तिला. सुलक्षणाला ते कळत होतं. तरीही आईने तिचं वाक्य तोडून पुरं केलं की ती तिथून उठून जाई.

शेजारच्या शेवंतीकाकूंचं म्हणणं पडलं की पोरीला बाहेरची बाधा झाली आहे. मग कांजूरच्या एका देवस्की करणाऱ्याकडे वाऱ्या झाल्या, लिंबं झाली, अंगारे झाले. तोपर्यंत तिच्या तोंडाच्या कडेने लाळ गळू लागली होती आणि ती सदानकदा रुमाल धरून बसायची. वर्गातल्या मुली डबा खाताना तिच्यापासून हळूहळू लांब सरकत गेल्या. एकटी मालन तेवढी शेजारी बसत राहिली.

शेवटी दशरथांनी रजा टाकली आणि तिला घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथे हा डॉक्टर, तो डॉक्टर असं फिरता फिरता एका तरुण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या बुबुळाच्या कडेला एक सोनेरी तपकिरी कडं पाहिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग खुर्चीवरून उठून वरच्या मजल्यावरच्या मेंदूच्या डॉक्टरांना बोलावून घेऊन आल्या. रक्त तपासलं, लघवी तपासली आणि आजाराला नाव मिळालं.

मोठ्या डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून सावकाश सांगितलं. आपण जे खातो त्यात थोडं थोडं तांबं असतं. आपलं शरीर नको तेवढं बाहेर टाकतं. सुलक्षणाचं शरीर ते टाकू शकत नाही, म्हणून ते यकृतात साठत गेलं आणि आता मेंदूत उतरलं आहे. हा दोष जन्मापासूनचा. आईकडून अर्धा आणि वडिलांकडून अर्धा आलेला, त्या दोघांना स्वतःला काहीही न होता. वनमालेने पहिला प्रश्न विचारला तो घरातल्या तांब्याच्या हंड्याचा. सासूने दिलेला तो हंडा ती रोज घासून चकचकीत ठेवायची, पोरींना त्यातलंच पाणी द्यायची. डॉक्टर म्हणाले, हंडा आता वापरू नका, पण पोरीला आजार त्याने झालेला नाही, ते मनातून काढून टाका. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या वेळी रडली ती धाकट्या मुलीमुळे, नंदामुळे. एकाला असलं की भावंडांना तपासावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले. नंदा तेराव्या वर्षात होती, दिवसभर उड्या मारायची, तिच्या जिभेला तर क्षणाची उसंत नसे. तिचं रक्त तपासलं आणि तिच्यातही तोच आजार निघाला. अजून काही दिसत नव्हतं एवढंच. डॉक्टरांच्या मते ती नशिबाची पोर होती, कारण औषध वेळेत सुरू होणार होतं. पण एका घरात दोन मुली, दोघींना जन्मभर कॅप्सूल, हे ऐकून कुठल्या आईला नशीब आठवेल?

ज्यात तांबं जास्त ते सगळं ताटातून गेलं. काजू बंद झाले. तिसऱ्या, कुर्ल्या, सुंगटं, म्हणजे शिंपल्या, खेकडे, कोळंबी, सगळं बंद झालं. मालवणी घरात ही काही लहान शिक्षा नव्हे. दशरथ स्वतःही खाईनासे झाले, पोरी समोर असताना आपल्याला घास जात नाही म्हणाले. औषधाने आधी सुलक्षणाचं दुखणं वाढलंच. हात इतका कापू लागला की आई तिला भरवायची. असं होऊ शकतं, थांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं म्हणून निभावलं. मग हळूहळू उतार पडला. लाळ थांबली. रुमाल दप्तरातून कपाटात गेला. बोलणं सावकाश पण समजेलसं झालं, आणि एक दिवस तिने स्वतःच्या हाताने वेणी घातली.

पण मधल्या काळात नववीची वार्षिक परीक्षा होऊन गेली होती आणि तीत ती नापास झाली होती. निम्मे पेपर कोरेच होते. मुख्याध्यापिका कर्णिकबाईंनी वनमालेला बोलावून घेतलं. बाई काही दुष्ट नव्हत्या. आजार मेंदूचा आहे म्हणता, आठवत नाही असं ती स्वतःच सांगते, मग दहावीचं ओझं तिच्यावर घालून तिचे हाल कशाला करायचे, असं त्यांचं म्हणणं. शिवणाचा वर्ग चांगला असतो. नाहीतर डॉक्टरांकडून लिहून आणा की हिचं डोकं अभ्यास पेलेल, मग मी बघते.

शिवणाच्या वर्गाचं ऐकून सुलक्षणाला रडूही आलं नाही. सुईत दोरा ओवता येणार नाही अशी बोटं, आणि म्हणे शिवण. पण आतून तिला वाटत होतं की बाईंचं बरोबर आहे. तांबं मेंदूत उतरलंय असं डॉक्टरच म्हणाले होते. ते उतरलं तिथे आधी जे होतं ते कुठे गेलं असेल, असा विचार ती घरातली भांडी विसळताना करायची. विचारलं मात्र कुणाला नाही. उत्तराची भीती वाटत होती.

मोठ्या डॉक्टरांनी दोघी बहिणींना हॉस्पिटलातल्याच मानसशास्त्रज्ञ पद्मजा देवस्थळी यांच्याकडे पाठवलं. मोठीचं लक्ष आणि स्मरणशक्ती किती शाबूत आहे ते बघा आणि धाकटीचंही आत्ताच मोजून ठेवा, म्हणजे पुढे ताडून पाहता येईल, असं ते म्हणाले. पद्मजाबाई मुलुंडला राहणाऱ्या, पस्तिशीच्या, खांद्याला शबनम लावून येणाऱ्या. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यात होती, आणि विमानतळावर उतरणारी विमानं घाटकोपरच्या डोक्यावरून इतकी खाली येत की दर थोड्या वेळाने खिडकीची तावदानं थरथरत.

सुरुवातीला त्यांनी सुलक्षणाला नाव विचारलं. आईने सांगितलं. शाळा विचारली, आईने सांगितली. सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारलं आणि आईने पोह्यांपासून चहापर्यंत सगळं सांगून टाकलं. पद्मजाबाई हसल्या. तुम्ही नंदाला घेऊन जरा बाहेर बसा, चहा घ्या, असं म्हणाल्या आणि वनमालेला स्वतः दारापर्यंत सोडून आल्या. दार लागल्यावर सुलक्षणा त्या बंद दाराकडे बघत राहिली. खोलीत आता तिच्या वाटणीचं बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

आधी आकडे झाले. बाई आकडे सांगत आणि ती ते तसेच म्हणून दाखवी, मग उलट क्रमाने म्हणून दाखवी. हे बरं गेलं असं तिला वाटलं, पण बाईंचा चेहरा काही सांगेना. मग बाईंनी एक गोष्ट वाचून दाखवली आणि नीट ऐक म्हणाल्या, नंतर विचारणार आहे. धोंडू नावाचा एक गाडीवान मंगळवारी कांद्याची पोती घेऊन कल्याणच्या बाजाराला निघाला. ओढ्यावरच्या पुलावर गाडीचं चाक निखळलं. शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांनी पोती उतरवायला मदत केली. एक पोतं फाटलं होतं, त्यातले कांदे धोंडूने मुलांना वाटून टाकले आणि दिवेलागणीच्या आत तो बाजारात पोचला.

मग लिहायचं काम आलं. अक्षरांच्या ओळीच्या ओळी छापलेला कागद, त्यातलं 'क' दिसेल तिथे काट मारायची आणि बाईंच्या हातात घड्याळ. घड्याळ बघूनच तिची बोटं आखडली. ती एकेका अक्षरावर पेन्सिल टेकवत गेली, रेघ थरथरत गेली, आणि वेळ संपली तेव्हा अर्ध्याहून अधिक कागद तसाच राहिला होता. चित्र बघून काढायचं होतं ते तर चौकोन म्हणून ओळखूच येईना. तिने पेन्सिल टेबलावर ठेवली. ठेवताना ती घरंगळून खाली पडली, आणि उचलायलाही सुलक्षणा वाकली नाही.

थोडी विश्रांती झाल्यावर बाईंनी विचारलं, मघाची गोष्ट आठवते तेवढी सांग.

"विसरले," सुलक्षणा म्हणाली.

सवयीने म्हणाली. बाईंनी थोडं थांबून आणखी विचारलं, काहीच नाही आठवत? गाडीवानाचं नाव? तिने मान हलवली. तिच्या मनात एकच होतं, आता हे संपू दे. बाईंनी पुढच्या प्रश्नाचा कागद ओढला, आणि बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात विमान आलं. अगदी खालून आलं. तावदानं खडखडली, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. अशा आवाजात बोलून काही उपयोग नव्हता. बाई कागद हातात धरून थांबल्या, सुलक्षणा टेबलाकडे बघत बसली.

असं बिनबोलता थांबणं तिच्या वाट्याला कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. कुणी विचारलं की लगेच दुसरं कुणी उत्तर द्यायचं, शाळेतल्या बाई शब्द सुचवायच्या, मुलं हसायची, आणि नाहीतर तीच घाईने विसरले म्हणायची. आता कुणीच काही करत नव्हतं. आणि त्या गडगडाटात तिला तो पूल दिसला. पुलावर तिरकी झालेली गाडी दिसली, पोती दिसली. वक्तृत्वाच्या दिवशी वाक्यं दिसली होती ना, अगदी तशी.

विमान गेलं. बाई पुन्हा बोलणार होत्या, पण मुलीचे ओठ हलताहेत हे त्यांनी पाहिलं आणि त्यांनी हातातला कागद पालथा टाकला. पेन्सिलही बाजूला ठेवली. घड्याळ उचलून खणात टाकलं.

"मंगळवारी," सुलक्षणा म्हणाली.

मग बराच वेळ काही नाही. बाई थांबल्या.

"धोंडू. गाडीवान." पुन्हा थांबली. जिभेला शब्द जुळवायला वेळ लागत होता, पण शब्द मागे रांगेत उभे होते, एकही पळून गेला नव्हता. "कांदे घेऊन... कल्याणला निघाला. बाजाराला."

असं करत करत तिने ती गोष्ट पार दिवेलागणीपर्यंत नेली. ओढा सुटला नाही, चाक सुटलं नाही, शाळेची मुलं सुटली नाहीत. बाई नुसत्या ऐकत होत्या. शेवटी सुलक्षणाने रुमालाच्या सवयीने हाताने ओठ पुसले, ओठ कोरडेच होते, आणि तिने विचारलं, "बाई, ते पोतं आधीच फाटलं होतं, की मुलांनी उतरवताना फाडलं?"

पद्मजाबाईंनी गोष्टीचा कागद पुढे ओढून बघितला.

"यात लिहिलेलं नाही गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतेय, मला कुणी हे विचारलं नव्हतं."

"मुलांनी फाडलं असेल तर कांदे कसे वाटले त्याने?"

यावर बाई इतक्या मोकळ्या हसल्या की बाहेर बसलेल्या वनमालेने दार किलकिलं करून आत डोकावलं.

पुढच्या कामांना मग बाईंनी वेगळी तऱ्हा धरली. लिहायचं तोंडी केलं. काट मारण्याऐवजी त्या अक्षरं एकामागून एक मोठ्याने वाचत गेल्या, आणि 'क' आला की सुलक्षणाने टेबलावर नुसतं बोट टेकवायचं. घड्याळ खणातच राहिलं. चित्र पुन्हा काढायला लावण्याऐवजी चार चित्रं समोर ठेवून मघाचं कुठलं ते ओळखायला सांगितलं. तिने ओळखलं. शेवटी शेवटी ती थकली, डोळे जड झाले, बोट उशिरा पडायला लागलं, तेव्हा बाईंनी स्वतःच थांबवलं. उरलेलं पुढच्या खेपेला, म्हणाल्या.

मग नंदाची पाळी. तिने अक्षरांचा कागद बघता बघता उडवला, सगळा संपवला, वर बाईंना विचारलं की झालं एवढंच? पण तिने निम्मे 'क' सोडले होते, आणि मधली एक अख्खी ओळच गाळली होती. गोष्टीतल्या धोंडूचं नाव तिने रतन सांगितलं आणि कांद्यांचे बटाटे केले. बाहेर येऊन तिने आईला सगळं हसत हसत सांगितलं.  वनमालेने धावतच आत जाऊन विचारलं, म्हणजे हिलाही लागलं का? ताईसारखं?

पद्मजाबाईंनी तिला बसवलं. नंदाच्या हातात, बोलण्यात, आकड्यांत कुठेही काही दोष दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. "ती ओळ गाळली तेव्हा बाईसाहेब खिडकीतून विमानाची चाकं बघत होत्या," त्या म्हणाल्या. "हा आजार नाही वनमालाबाई, हा स्वभाव आहे. याला माझ्याकडे औषध नाही."

वनमालेला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पदर लावला. सुलक्षणाने आईला असं हसताना पाहून किती दिवस झाले होते ते तिलाही आठवेना.

निकाल ऐकायला पुढच्या आठवड्यात दशरथही आले. कारखान्याच्या गणवेशातच होते, टोपी काढून मांडीवर ठेवली होती. पद्मजाबाईंनी सुलक्षणाला बाहेर बसवलं नाही. तिच्याबद्दल आहे, तिने ऐकायलाच हवं, असं म्हणून चौथी खुर्ची त्यांनी स्वतः आणली.

त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. मुलीची गती मंद झाली आहे, म्हणाल्या. हाताची, जिभेची आणि थोडी विचाराचीही. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं म्हटलं तर तिची धांदल होते, आणि ती लवकर थकते. औषधाने यातलं बरंच भरून येईल, सगळं येईल की नाही हे आज कुणी सांगू शकत नाही. पण स्मरणशक्तीला धक्का नाही. ऐकलेलं तिच्या डोक्यात जातं, तिथे राहतं आणि वेळ दिला की बाहेरही येतं. आतापर्यंत तिला वेळच कुणी दिला नव्हता, आणि त्या खोलीत पहिला अर्धा तास तर आपणही दिला नव्हता, असंही त्या म्हणाल्या.

दशरथांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या चेडवाचां डोक्यां बरां आसा?"

"चांगलं आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमची मुलगी विसरलेली नाही. काहीच नाही."

दशरथांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. कॅप्सूल कधी चुकायची नाही ना, एवढंच विचारलं. कधीच नाही, बरं वाटलं तरी नाही, दोघींचीही नाही, असं बाईंनी पुन्हा बजावलं.

आणि सुलक्षणा? तिला वाटलं होतं, असं काही ऐकायला मिळालं तर आपण रडू. तसं काही झालं नाही. तिला कडकडून भूक लागली.  हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर तिने बाबांना बटाटेवडे घ्यायला लावले आणि तिथेच उभी राहून खाल्ले, एक घास सांडला तरी फिकीर न करता. खाता खाता तिच्या लक्षात आलं की त्या वक्तृत्वाच्या दिवशी वाक्यं खरंच समोर होती. ती भ्रमिष्ट नव्हती. मग थोडा रागही आला, कुणावर ते ठरवता येईना. तोही वड्याबरोबर गिळला.

पद्मजाबाईंनी अहवाल दिलाच, शिवाय शनिवारी वाट वाकडी करून त्या भांडुपच्या शाळेत स्वतः गेल्या. कर्णिकबाईंना शंका होत्या, आणि त्या रास्त होत्या. बोर्डाचा पेपर हिच्यासाठी थांबणार आहे का, असं त्यांनी विचारलं. पद्मजाबाई म्हणाल्या की बोर्डाकडे जादा वेळेचा अर्ज करून बघू, हॉस्पिटल पत्र देईल, आणि वर्षभरात हातही सुधारेल. सध्या मात्र तुम्हीच तिची नववीची परीक्षा तोंडी घ्या, आणि प्रश्न विचारलात की थांबा. टेबलावर बोटं वाजवायची नाहीत. कर्णिकबाईंना बोटं वाजवायची सवय होती, त्या जराशा ओशाळल्या.

तोंडी परीक्षा मुख्याध्यापिकांच्या खोलीत झाली. मालनने आदल्या दोन आठवड्यांत सुलक्षणाला रोज धडे वाचून दाखवले होते. वाचायचं तिने, ऐकायचं हिने. कर्णिकबाईंनी आधी भूगोल काढला. कोकणातल्या नद्या लांबीने कमी का, असं विचारलं, आणि सवयीने टेबलाकडे गेलेला हात मागे घेऊन पदरात गुंडाळला. सुलक्षणा थांबली. डोंगर दिसला, समुद्र दिसला, मधली चिंचोळी पट्टी दिसली. मग ती बोलायला लागली. सावकाश, एकेक शब्द ठेवत. कर्णिकबाई पुढे वाकून ऐकत राहिल्या. इतिहास झाला, विज्ञान झालं. मराठीला बाईंनी ठरवलेल्यापेक्षा जास्तच विचारलं, ते परीक्षेसाठी नव्हे, त्यांना ऐकावंसं वाटलं म्हणून. मधे पोरगी थकलेली दिसली तेव्हा शिपायाला सांगून पाणी मागवलं आणि दहा मिनिटं खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गणित तेवढं कच्चं निघालं. ते आजाराआधीही कच्चंच होतं, असं सुलक्षणाने स्वतःच सांगून टाकलं.

"दहावीत बस," कर्णिकबाई म्हणाल्या. "पुढच्या बाकावर. आणि घाई करायची नाही."

बाहेरच्या बाकावर वनमाला बसली होती. सुलक्षणाने तिला दारातूनच सांगितलं. शब्द जरा अडखळत आले, पण सगळे तिचेच होते. आईने तिचा हात धरला, आणि घरापर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर वनमालेने चप्पल काढली, पोरींना कॅप्सूल दिल्या आणि जरा टेकते म्हणून भिंतीशी आडवी झाली. ती गाढ झोपली. दुपार उलटली, नळाला पाणी येऊन गेलं, शेवंतीकाकू विचारपूस करायला डोकावून परत गेल्या, तरी तिला जाग नाही. वर्षभर दिवसाउजेडी तिने पाठ टेकली नव्हती. संध्याकाळी दशरथ आले. चूल थंड होती, बायको झोपलेली, दोन्ही पोरी तिच्या शेजारी बसलेल्या. त्यांनी सुलक्षणाकडे बघितलं. तिने हळूच मान डोलावली, झालं म्हणून.

दशरथांनी शर्ट खुंटीला लावला आणि आवाज होऊ न देता तांदूळ धुवायला घेतले. नंदा काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, तिला त्यांनी बोटाने गप्प केलं. भात शिजला, डाळीला फोडणी पडली, तिघांनी जेवून घेतलं आणि आईसाठी काढून ठेवलं. तिला कुणीच उठवलं नाही.